वास उडालेला पुदिना

४ मार्च
शी. आज पुन्हा बाबांनी तापमानाचा काटा सत्तर अंशांवर नेलेला. वाळवणघरात शिरले तर पुदिन्याच्या वासाने डोळ्यांत पाणी. शेजारचा शिंपी म्हणाला, "काय घमघमाट सुटलाय तुमच्याकडे!" त्याला काय सांगणार — बाहेर सुटलाय म्हणजे पानात उरला नाही. औषध असतं ते त्या तेलात, आणि तेल असतं पानाच्या अंगावर, इवल्याशा फोडांत. त्याला ऊब चालते, चटका नाही. हे मला शिकवलं बाबांनीच. चाळीसच्या वर काटा गेला तर पूर्वी घर डोक्यावर घ्यायचे.
पावसाळ्यातल्या तापातून उठल्यापासून म्हणतात, "पान कुरकुरीत झालं ना? मग झालं."

६ मार्च
मी थोडा पुदिना सावलीत पातळ पसरून वाळवला होता. तो आणि बाबांचा, दोन्ही वेगवेगळे उकळून तेल काढलं. माझ्या नळीत पाण्यावर छान पिवळसर थर. त्यांच्या नळीत एक टिकली. तीही करपट.
बाबांनी ती नाकाशी धरली. "उत्तम आहे."
तोंडावर खोटं बोलतात!

७ मार्च
बोलणं बंद.

११ मार्च
औषधवाल्याने पोती परत आणून टाकली. "ताई, याला वासच नाही. पोटदुखीवर लोकांना पाचोळा उकळून देऊ का?" बाबा हळूच आत सटकले. उत्तर द्यायला मी.

१५ मार्च
आज किळस आली. खरीखुरी.
मागच्या खोलीत बाबा परत आलेल्या पानांवर पिचकारी मारत होते. बाटली उचलून पाहिली — साबणात घालतात तो सुगंध. इतका ओतलेला, की पानं चिकट झालेली. मला तिथे उभं राहवेना. जिभेवरसुद्धा साबण. बाबा मात्र निवांत.
"लोक हे पितात, बाबा."
"वास नाही म्हणूनच परत आलं ना? आता आहे." मग पिचकारी खाली ठेवून, "जास्त झाला का गं?"
वर मलाच विचारतात.
पोती मी खड्ड्यात रिकामी केली. आत्या म्हणाली, "वय झालंय त्यांचं, सोड." वय झालं की माणूस लबाड होतो? जेवताना त्यांच्या बोटांकडे बघवेना. ताटावरून उठले.

१६ मार्च
ठरलं. उद्या वाळवणघराची किल्ली मागायची. दिली नाही तर या घरात राहायचं नाही.

१७ मार्च
किल्ली मागायला स्वयंपाकघरात गेले. दारातच गॅसचा भपकारा. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, बटण चालूच. आणि बाबा तिथेच बसून शांतपणे बटाटे सोलत होते. बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, त्यांना ओढत अंगणात आणलं.
"अगं, झालं काय?"
"गॅस, बाबा. वास नाही आला?"
हातातला बटाटा त्यांनी पायरीवर ठेवला.
"कसलाच येत नाही गं. त्या मोठ्या तापानंतर गेला, तो गेलाच."