नकाशात नसलेला ओहळ

बाई,

तुमच्या शेताभोवती आता निळे पत्रे उभे आहेत. उमरोळी स्टेशनवरून गावाकडे येताना ज्या वळणावर तुम्ही चपला हातात घेऊन बांधावर उतरायचात, तिथे मोठं गेट झालंय आणि गेटवर एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र लावलंय. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. आज माझी मुलगी बोईसरला औषधांच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणजे बघा किती काळ लोटला. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं कधी वाटलं नाही. आता जे लिहायचंय ते चांगलं नाही, आणि गावात ज्यांच्याशी बोलावं त्यांना ते सगळं आधीच माहीत आहे.

आम्ही इथले नव्हे. बाबा माणदेशातून बोईसरच्या कापडाच्या कारखान्यात कामाला आले, काही वर्षं भाड्याच्या खोलीत काढली, आणि मग तुमच्या धाकट्या दिरांकडून तुमच्या शेताला लागून असलेला त्यांचा दोन गुंठ्यांचा तुकडा घेऊन त्यांनी घर बांधलं. तुमच्या त्या दिरांना सगळं गाव काका म्हणतं, मीही म्हणते. घराच्या मागून ओहळ जायचा. पावसाळ्यात तो भरून वाहायला लागला की बाबा कामावरून आल्या आल्या डबासुद्धा न ठेवता तिथे जाऊन उभे राहायचे. आमच्या गावी एवढं पाणी वाहिलं असतं तर लोकांनी जत्रा भरवली असती, असं म्हणायचे. शाळेत माझ्या बोलण्याला पोरं हसायची. तुम्ही चौथीचा वर्ग घ्यायचात आणि वर्गात अगदी पुस्तकातलं बोलायचात. शेतात तुमची बोली वेगळी असते हे मला कळलं ते तुमच्या रागावण्यातूनच.

मी चौथीत आहे, जुलैची सकाळ आहे. मला उशीर झालाय म्हणून मी बांध सोडून सरळ भाताच्या रोपांतून पळत सुटले आहे, आणि तुम्ही पलीकडे, नऊवारी खोचून, शाळेच्या आधीची दोन तासांची कामं उरकता आहात. तुम्ही ओरडत नाही. मला थांबायला सांगता आणि विचारता, "पायाखाली बघ. काय हाय ते?" मी बघते आणि म्हणते, "गवत." खरंच मला ते गवत वाटलं होतं, आमच्याकडे भात कुणी पाहिलं होतं? तुम्ही जवळ येता आणि म्हणता, "गवत नाय पोरी. आमचं वर्षाचं जेवण हाय ते." मग दप्तर बांधावर ठेवायला लावून तुम्ही मला चिखलात उतरवलंत आणि मी तुडवलेलं एक एक रोप माझ्याकडून उभं करून घेतलंत. शाळेत आपण दोघी उशिरा पोचलो. हजेरीत तुम्ही माझ्यापुढे उशीर लिहिलात, आणि शिक्षकांच्या मस्टरवर स्वतःच्या नावापुढेही लिहिलात.

त्यानंतर मी तुमच्या घरी यायला लागले. चुलीपाशी बसून तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी किती वेळा जेवले असेन. बाबांचा कारखाना बंद पडला आणि आमचं रेशनकार्ड अजून गावाकडचंच होतं, तेव्हा त्याच चुलीपाशी तुम्ही मला अर्ज लिहायला शिकवलंत. पहिल्या कागदावर मी आमच्या हालांचं वर्णन केलं होतं. तो तुम्ही बाजूला ठेवलात. अर्जात रडायचं नाही, म्हणालात. काय झालं, कधी झालं, आणि आपल्याला काय पाहिजे, एवढंच लिहायचं, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. ते कार्ड झालं, बाई. बाबांना फार अप्रूप वाटलं होतं. मला पुढे कंपनीत क्लार्कची नोकरी लागली ती त्याच लिहित्या हाताच्या जोरावर. मी एकुलती, म्हणून लग्नानंतरही याच घरात राहिले, आणि गावात कुणालाही अर्ज हवा असला की लोक माझ्या दारात यायचे.

कोळगावला जिल्ह्याची कचेरी झाली तेव्हापासून इकडच्या जमिनींवर बांधकामवाल्यांचा डोळा होता. तुमचं शेत तुमच्या मुलानं त्यांना विकलं. मी त्याला वसईला फोन केला होता, जरा चढ्या आवाजातच बोलले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, आईनंतर कसणार कोण? मी सुट्टी टाकून लावणीला येऊ?" त्याच्यावर राग धरून ठेवावा असं तो काहीच बोलला नव्हता.

मग डंपर आले. महिनाभर मुरूम पडत होता. तुमचं शेत रस्त्याच्या पातळीला आलं, मग रस्त्याच्याही वर गेलं, आणि ओहळ त्याखाली गेला. पहिल्याच पावसात काकांच्या शेतात पाणी चढलं ते उतरलंच नाही. लावलेलं भात आठवड्याभरात पिवळं पडून कुजलं. आमच्याही मागच्या खोलीत घोटाभर पाणी होतं. तेव्हा गाव जागं झालं. ग्रामसभेला देवळाबाहेर चपलांचा ढीग होता, मागच्या पाड्यावरची माणसं मजुरी बुडवून आली होती. ठराव एकमतानं झाला: शेतजमिनीवर एवढ्या इमारती नकोत, ओहळ मोकळा करा. हरकत मी लिहिली. तुम्ही सांगितलं तशीच लिहिली, एक शब्दही रडका नाही. पाणी कधी चढलं, कुठपर्यंत चढलं, ओहळ कुठून कुठे जात होता, सगळं. प्रत्येक कागदाची पोच घेतली. आजही माझ्याकडे पोचांची जाडजूड फाईल आहे.

सुनावणीला आम्ही दोन टेम्पो भरून गेलो. आत पाच जणांनाच सोडलं. मी होते, काका होते. बांधकामवाल्यांचा वकील तरुण होता, आम्हाला बघून उठून उभा राहिला, काकांना खुर्ची पुढे केली. त्यानं टेबलावर नकाशा पसरला आणि म्हणाला, यात ओहळ दाखवा. मी बघितलं. रस्ता होता, तुमचं शेत होतं, बाबांचा तुकडासुद्धा काकांच्या जमिनीतच धरलेला दिसत होता. ओहळ नव्हता. ज्या पाण्याशी माझे बाबा रोज उभे राहायचे ते पाणी कागदावर कधी नव्हतंच. काका म्हणाले की पाणी काय कागदावरून वाहतं का. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मान हलवली आणि काही लिहिलं नाही.

मग तो वकील माझ्याकडे वळला. आवाज अजिबात चढवला नाही त्यानं. म्हणाला, "ताई, तुमचं स्वतःचं घर ज्या जागेवर आहे, ती जागा बिगरशेती कधी झाली?"

ती कधीच झालेली नाही, बाई. तुम्हाला माहीत होतं, काकांना माहीत होतं. त्या काळी कुणी करतच नव्हतं. साध्या कागदावर सह्या झाल्या, वर नारळ फुटला, आणि आम्ही राहायला आलो. वर्षानुवर्षं लोकांचे अर्ज लिहिणारी मी, मला त्या खोलीत एक वाक्य जुळवता आलं नाही. काका उठले. ते म्हणाले, "तिच्या बापाला जागा मी दिली. मानूस बघून दिली. या इमारतवाल्यांना आमी वळखत नाय."

साहेबांनी पहिल्यांदाच पेन उचललं आणि विचारलं, "हे नोंदीवर घ्यायचं का?"

काका माझ्याकडे बघत राहिले. नोंद झाली असती तर उद्या माझ्याच घराला नोटीस आली असती, आणि माझ्यासारखी गावात आणखी कितीतरी घरं आहेत. काका खाली बसले. नको, म्हणाले. आपली लढाई तिथे, त्या एका शब्दात संपली. पुढे निकालाचा कागद आला त्यात लिहिलं होतं की हरकती विचारात घेऊन निकाली काढण्यात आल्या.

कुणी कुणाला दोष दिला नाही, हेच जास्त वाईट झालं. ग्रामसभेत पुढे बसणाऱ्यांपैकी एकानं साइटवर रेती टाकायचं काम घेतलं, दुसऱ्यानं पाण्याचा टँकर लावला. काकांचा धाकटा मुलगा तिथेच गेटवर वॉचमन आहे. निळा गणवेश घालून बसतो आणि मला बघून उठतो. काकांनी या वर्षी भात लावलं नाही. सकाळी सवयीनं बांधावर जातात, तळं झालेल्या शेताकडे तोंड करून बसतात आणि जेवायच्या वेळी परत येतात. मी विचारलं, पुन्हा एक अर्ज करूया का, वरच्या कचेरीत? ते म्हणाले, "तू लिव्हलंस ते चांगलंच लिव्हलंस. वाचणारा नाय." आता माझ्या दारात अर्जासाठी कुणी येत नाही.

या पत्राची पोच मला कुणी देणार नाही, आणि ते काकांच्या हाती लागू नये म्हणून मी वाचून झालं की फाडणार आहे. म्हणूनच पुढचं लिहिते आहे. माझ्या मुलीचं लग्न ठरलंय. दोघांना बोईसरला जाणं-येणं सोयीचं म्हणून तिनं तुमच्या शेतावरच्या त्या इमारतींतलं एक घर बघून ठेवलंय, आणि गेल्या रविवारी ती मला दाखवायला घेऊन गेली. मी ओढणीनं तोंड बांधलं होतं, आणि काकांच्या मुलाची सुट्टी असते तो दिवस मीच निवडला होता. पहिल्या मजल्यावर नमुन्याचा फ्लॅट सजवलाय. फ्लॅट दाखवणाऱ्या मुलीनं खिडकी उघडून काकांचं बुडालेलं शेत दाखवलं आणि म्हणाली की या बाजूच्या सगळ्या घरांना लेक व्ह्यू आहे. माझी मुलगी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळूच विचारलं, "आई, कसं वाटतंय?" ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काय म्हणते याची वाट बघत होती. मी ओट्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, ओटा चांगला आहे.

तिचं मन राखायला म्हटलं, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होते. पण तसं नव्हतं, बाई. मला तो आवडला होता.