वीज परत आल्यावर

सर, तुम्ही जाऊन आता बारा वर्षं होत आली. परवा ऑफिसात तुमच्या टेम्प्लेटवरून बैठक झाली, म्हणून लिहायला बसले.

कवठे महांकाळहून शिरवळच्या आपल्या युनिटमध्ये मी नुकतीच आले होते. कारखान्यांतली मशिनं चालवणारे प्रोग्राम लिहायचं काम. नवा प्रोजेक्ट उघडला की तुमचं टेम्प्लेट, म्हणजे तुम्ही करून ठेवलेला प्रोग्रामचा साचा, समोर यायचं, आणि मी न मागितलेलं बरंच काही त्यात आधीच भरलेलं असायचं. त्यातल्या एका भागामुळे वीज जाऊन परत आली तरी मशिन आपोआप सुरू होत नसे; कुणीतरी येऊन बटण दाबायलाच हवं. का, ते तुम्ही कुठे लिहिलं नव्हतं. सांगलीच्या एका हळद गिरणीचं काम माझ्याकडे आलं. मालकांची कटकट, वीज सारखी जाते, दर वेळी बटण कोण दाबत बसणार? मी तो भाग काढून टाकला. मालक खूश, आणि मी त्यांच्याहून खूश.

तीन आठवड्यांनी फोन आला. वीज गेली म्हणून एक बाई हळकुंडं घासणाऱ्या पॉलिशच्या ड्रममध्ये हात घालून अडकलेली हळद काढत होत्या. वीज आली, ड्रम फिरला. त्यांचं मनगट मोडलं.

तुम्ही ओरडला नाहीत. "पिशवी घे, चल," एवढंच म्हणालात. एसटीनं सांगलीला गेलो. गिरणीत तो भाग माझ्याच हातानं परत बसवून घेतलात आणि मग बाईंच्या घरी नेलंत. हात गळ्यात बांधलेला, नखं हळदीनं पिवळी, आणि त्या आपल्यासाठी चहा टाकायला उठतायत. "बसा आवं," तुम्ही म्हणता, "चूक आमची हाय." माझी नाही, आमची. बाई माझ्याकडे बघतात. "पोरगी लय घाबरलीया. अगं, मशिन बंद दिसलं म्हणूनच हात घातला की मी."

सोमवारी तुम्ही टेम्प्लेट माझ्या ताब्यात दिलंत. मी म्हटलं, "सर, मीच तर ते..." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच. का हाय ते आता तुला ठावं हाय."

परवाच्या बैठकीत नव्या पोरांचं म्हणणं पडलं, की नव्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्प्लेट रिकामंच ठेवू, ज्याला जे हवं ते तो टाकेल. तेव्हा मी ती सगळी हकीकत सांगितली, मी काय केलं होतं त्यासकट. तुमचा भाग राहिला. त्याच्या डोक्यावर कारणही लिहिलं, साध्या मराठीत.

उठता उठता एका मुलीनं विचारलं, "मॅडम, त्या बाईंचा हात बरा झाला का?"

मला माहीत नव्हतं. तुम्ही पुढे दोनदा त्यांच्याकडे जाऊन आलात. निघताना दोन्ही वेळा विचारलंत, "येतीस का?" काम आहे, म्हणाले मी. काही काम नव्हतं, सर.