झोपेत दात खाणारी

२३ फेब्रुवारी, रविवार दुपार

ती. दादास,

नमस्कार. ‘इकडे सगळं ठीक’ असं मी दर फोनला म्हणते. आज ते वाक्य गाळते. फोनवर माझ्या तोंडून ‘हो दादा’च निघतं, म्हणून पत्र. घाबरू नकोस, बाबा मजेत आहेत. वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जातात आणि तिथून साऱ्या गल्लीला शिस्त लावतात.

मोडलं ते माझंच. दाढेचा तुकडा पडला, तोही केळं खाताना. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घालून विचारलं, “झोपेत दात खाता का?” म्हटलं, “झोप लागली तर कळेल ना.” सकाळचं जड डोकं, आखडलेली मान, सगळ्याचं मूळ एकच म्हणाल्या. दिवसभर राग गिळायचा, मग रात्री जबडा तो चावत बसतो.

मला कसला राग? तक्रार-खिडकीवर बसते मी. लोक वीजबिलावरून डाफरतात, मी हसून पोच देते. त्या म्हणाल्या, “आणि तुमची तक्रार कोण घेतं?” दादा, तोंडात कापसाचे बोळे असताना मी ढसाढसा रडले. चांगलीच शोभा झाली.

आता रात्री दातांवर त्यांनी दिलेली प्लॅस्टिकची पट्टी बसवते. बाबा मला ‘बॉक्सर’ म्हणतात. खिडकीवर एक माणूस गेला की दुसरा यायच्या आत दात सुटे ठेवायचे, खांदे खाली सोडायचे आणि सावकाश श्वास सोडायचा. संध्याकाळी चालून येते. मान बरीच मोकळी झालीय.

पण पट्टी दात वाचवते, राग नाही काढत. तेव्हा लिहितेच. “तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे,” असं तू म्हणतोस ना, तेव्हा माझा जबडा आवळतो. बाबा पडल्यापासून मी एकटीच करतेय. मला तुझा राग येतो. फार येतो.

इथवर लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. वाटलं, दुखावतील. तर म्हणाले, “एवढंच? तुझ्या आईने चार शब्द जास्त सुनावले असते.” मग म्हणाले, “मला त्याच्याकडे राहायला जायचंय गं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.” घ्या, म्हणजे दोघंही दात-ओठ आवळून बसलो होतो.

तर पुढच्या महिन्यात बाबांना न्यायला ये, निदान दोन महिन्यांसाठी. विचारत नाहीये, सांगतेय.

रागावलेली, आणि आपल्या माणसावरच रागावता येतं म्हणून तुझीच,
धाकटी