जावेपेक्षा एक नंबर वरची सिस्टीम

३ फेब्रुवारी, सोमवार
इस्त्रीच्या चादरी द्यायला धाकट्या जावेकडे गेले. तिचा फोन नेहमीसारखा टेबलावर, तोंड वर करून पडलेला. टिंग झालं. मी काही वाकून बघणारी बाई नाही, पण डोळे उघडे असले की दिसतं. तर आज काहीच दिसलं नाही. नुसतं 'एक नवीन संदेश'. कोणाचा, काय, पत्ता नाही. गेल्या महिन्यापर्यंत सगळा मजकूर वर यायचा. माझ्या लेकीनं तिला काय लिहिलं ते तिच्याआधी मला कळायचं. किती सोय होती.

जाऊ फोन घेऊन आत गेली, हसू दाबत बाहेर आली. कोण गं म्हटलं तर म्हणे, तुमची लेक हो ताई, असंच.

असंच! नऊ महिने पोटात मी वागवली आणि असंच हिच्याशी.

म्हणे तिनं फोनची सिस्टीमच बदलून घेतली. कंपनीची काढली, प्रायव्हसीवाली टाकली. आता कोणी डोकावू शकत नाही. हे माझ्याकडे बघून म्हणायची गरज नव्हती.

ठरलं. मीही टाकणार. लेकीला कळू दे, आईचा फोनसुद्धा काही कमी नाही. तिची गोष्ट आधी मला कळली पाहिजे. बाकी मला कशाचा सोस नाही.

४ फेब्रुवारी
ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तुझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय? वर म्हणाले, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, फोन काय करणार बिचारा?

म्हणू देत. पण गुपितं माझीही आहेत. लिहून ठेवते.
१. शाईचा डाग काढायची माझी युक्ती. (शेजारच्या शिवणवालीला माहीत आहे. आणि तिच्या बहिणीला.)
२. माझं वजन.
३. आठवलं की लिहीन.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
मोबाइलवाल्याकडे गेले. मला मावशी म्हणाला. माझ्याएवढाच असेल, डोक्यावर केस नाहीत.

त्यानं आधी विचारलं, कोणापासून लपवायचंय? ते कळलं की सिस्टीम ठरवू. मी म्हटलं, तुम्ही नसत्या पंचायती करू नका, सिस्टीम दाखवा.

तीन आहेत. पहिली फार कडक, पण ती एकाच महागड्या फोनवर चालते. आपल्यावर नाही. दुसरी मवाळ, जुन्या फोनवर चालते, नकाशा-बिकाशा सगळं राहतं. तिसरी बिनभेसळ. मोठ्या कंपन्यांचं त्यात काही म्हणजे काही नाही, पण बँकेचं ॲप रुसतं आणि बऱ्याच गोष्टी बंद पडतात.

मी विचारलं, माझ्या जावेनं कुठली घेतली? तो म्हणाला, गिऱ्हाइकाचं मी सांगत नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, सांगूच नये, पण कुठली? शेवटी दुसरीकडे बघत म्हणाला, बहुतेक लोक दुसरीच घेतात.

म्हणजे मला तिसरी.

६ फेब्रुवारी
लाँड्रीत कामाचा रगाडा. शाळेच्या सरांच्या पँटच्या खिशात बदलीचा कागद निघाला. खिसे बघावेच लागतात, नाहीतर एखादं पेन फुटतं आणि सगळ्या घाण्याची वाट लागते. बावीस वर्षांत माझ्याकडे एकाही गिऱ्हाइकाचा कागद भिजला नाही. लोकांना मात्र प्रायव्हसीची अक्कल नाही, काय वाटेल ते खिशात ठेवून कपडे टाकतात.

कागद वाचून जागच्या जागी ठेवला. सांगितलं फक्त शिवणवालीला. तिच्याकडे सरांचा कोट आहे, तिला घाई करावी लागेल. ही माणुसकी झाली.

९ फेब्रुवारी, रविवार
लेकीला फोन केला. तीन मिनिटं बोलली. जेवले, झोपले, बरी आहे. काकूशी काय बोलतेस एवढं, विचारलं. म्हणे काही नाही गं आई.

ठेवल्यावर लगेच परत लावला, बिझी. जावेला लावला, तोही बिझी. चाळीस मिनिटं आलटून पालटून लावत बसले. दोन्ही बिझी. मला जळायची सवय नाही. पण एका कॉलरची इस्त्री करपली.

११ फेब्रुवारी
सिस्टीम टाकली! मोबाइलवाला म्हणाला, आधी बॅकअप घेऊ. मी म्हटलं, नव्या घरात जुनं भंगार कशाला, टाका. टाकली. फोन धुतल्या चादरीसारखा कोरा झाला. नंबर गेले, फोटो गेले. लेकीचा नंबर पाठ आहे, बस झालं.

पासवर्ड सहा शब्दांचा घ्यायला सांगितला. लांब पण आठवेल असा, आणि कोणाला सांगू नका म्हणाला. एवढं काय मला कळत नाही? ह्यांना सांगितला, उद्या मी मेले तर? हे विसरतील म्हणून शिवणवालीला. आणि जावेला, माझा तिच्यापेक्षा दोन शब्दांनी मोठा आहे हे कळावं म्हणून. वर एका चिठ्ठीवर लिहून ॲप्रनच्या खिशात ठेवला.

१२ फेब्रुवारी
फोन फार बाणेदार आहे. पाऊस येणार का विचारलं तर मलाच विचारतो, तुम्ही कुठे आहात. मी सांगितलं नाही.

१३ फेब्रुवारी
मुद्दाम जावेकडे गेले. तिच्या फोनशेजारी माझा ठेवला, तोंड वर करून. चहा झाला. दुसरा चहा झाला. तिच्याकडे चार वेळा टिंग. माझ्याकडे एकदाही नाही. ती म्हणाली, ताई, तुमची चांगलीच कडक दिसते हो.

मी म्हटलं, हो, तिसरी आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी
लेकीचा फोन आला! आपणहून! तिला सगळं समजावलं. म्हटलं, आता या फोनमध्ये माशीसुद्धा कान लावू शकत नाही, बोल काय बोलायचं ते. ती म्हणाली, खरंच कोणाला सांगणार नाहीस? मी म्हटलं, तुझी शपथ.

तिनं सांगितलं. काय ते मी इथेही लिहिणार नाही. (नोकरी सोडली. दोन महिने झाले. मैत्रिणीबरोबर लाकडी खेळणी बनवायचा कारखाना काढतेय.) बाबांना ती स्वतः सांगणार, बावीस तारखेला येऊन, समोर बसून. ते चिडतील, पण तिच्याच तोंडून कळलं तर ऐकून घेतील म्हणाली. तोवर एक शब्द नको. रडवेली झाली होती.

जावेला दोन महिने माहीत होतं. दोन महिने! माझ्या घरात येऊन माझा चहा प्यायली आणि तोंडावरची सुरकुती हलली नाही तिच्या. किती आतल्या गाठीची बाई.

१६ फेब्रुवारी
कोणाला सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी
कोणाला सांगितलं नाही. शिवणवाली म्हणाली, चेहरा का उतरलाय? म्हटलं, माझ्या ओळखीतली एक मुलगी आहे, नोकरी सोडून खेळणी करतेय. नाव घेतलं नाही. ती म्हणाली, तुमच्यासारखंच नाक आहे का तिचं? मी हसले. हसणं म्हणजे सांगणं नव्हे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
मोठा घोळ. ॲप्रन धुतला, चिठ्ठी आत. लगदा झाला. गावाचे खिसे मी बघते, माझा कोण बघणार? सहापैकी चारच शब्द आठवेनात, म्हणजे दोनच आठवत होते. मोबाइलवाला म्हणाला, पासवर्ड नाही तर उघडायचं नाव नको, पुसून टाकावा लागेल.

मी डगमगले नाही. शिवणवालीला विचारलं, तिला तीन शब्द येत होते. ह्यांना एक. जावेनं सगळे सहा, ओळीनं म्हणून दाखवले. फोन उघडला. मोबाइलवाला म्हणाला, मावशी, अशी सुरक्षा मी आयुष्यात पाहिली नाही. मी म्हटलं, दूरदृष्टी लागते.

२० फेब्रुवारी
हे गठ्ठे पोचवून आले ते फणफणत. सरांनी त्यांचं अभिनंदन केलं. म्हणे, मुलीनं धाडस केलं, खेळण्यांचा धंदा, वा! सरांना शिवणवालीनं सांगितलं, कोट देताना. ह्यांनी उभ्याउभ्या लेकीला फोन लावला. जे समोर बसून शांतपणे व्हायचं होतं ते दारात, गठ्ठ्यांवर, ओरडून झालं.

ही सगळी शिवणवालीची चूक. विश्वास ठेवावा तर कोणावर?

रात्री लेकीचा फोन आला मला. वाटलं भांडेल. भांडली नाही. एवढंच म्हणाली, फोन चांगला आहे गं आई तुझा.

२२ फेब्रुवारी, शनिवार
लेक आली. बॅग जावेकडे उतरवली. म्हणे तिथे खोली रिकामी आहे. बाबांना भेटली, बोलली, हे निवळले पण. माझ्याशीही नीट बोलली. कारखाना कसा चाललाय विचारलं तर म्हणाली, चाललंय, असंच.

जाताना धुवायला कपडे देऊन गेली. आता कामाला बसले. दोन पँट, एक जाकीट. बावीस वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. सगळे खिसे आधीच बाहेर ओढून उलटे केलेले.

मी ते परत आत ढकलले आणि एकेकात हात घालून बघितला.

काही नव्हतं.