दुखवट्याला त्याच दिवशी बसावं

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा एका देवाच्या नावाने. मी, घतास तादरोस, यरुशलेमची यात्रा केल्यामुळे गावात मुकद्दस म्हणून ओळखला जाणारा, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा गुऱ्हाळाचा, राहणार मल्लावीजवळची कालव्याकाठची वाडी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. बहीण मुफिदाचं मत वेगळं आहे, पण तिला साक्षीदार केलेलं नाही.

लिहिण्याचं कारण असं. माझा भाऊ सिदहोम याने पाण्याच्या पाळीवरून शेजारच्या शेतातल्या बखीतच्या मुलाला, रिझ्कला, गोळी घातली. सिदहोम या हिवाळ्यात तुरुंगातच वारला. आमच्याकडे खून असा फिटत नाही. तो घरातल्या पुढच्या तरण्या पुरुषावर जातो, म्हणजे माझा मुलगा बेनयामिन याच्यावर. म्हणून उद्या रविवारची उपासना आटोपली की यात्रेत आणलेलं माझं स्वतःचं कफन दोन्ही हातांवर घेऊन मी अनवाणी बखीतच्या दारात उभा राहणार आहे. त्याने ते घेतलं तर वैर मिटलं. नाही घेतलं तर कफन माझ्याच कामी येईल. मध्यस्थ हाज अब्देल-आल यांनी त्याला विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "येऊ दे त्याला." याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावला आहे.

कलम एक. घर, गुऱ्हाळ, चरक आणि दोन्ही काहिली बेनयामिनला. अट एकच. मी मारला गेलो तर त्याने त्याच दिवशी दारात खुर्च्या मांडून दुखवट्याला बसावं आणि येईल त्याला बिनसाखरेची कॉफी द्यावी. बदला घेतल्याशिवाय आमच्याकडे कोणी दुखवट्याला बसत नाही. तो बसला, म्हणजे गावाला कळेल की या घरातून आता गोळी सुटणार नाही. बसला नाही तर सगळं चर्चला जावं आणि त्याने हात हलवत कैरो गाठावं.

कलम दोन. बंदूक आता घरात नाही. ती शोधण्यात कोणी वेळ घालवू नये.

कलम तीन. मुलगी दिमियाना हिला तिच्या आईचं सोनं आणि विहिरीजवळची खजुराची झाडं. जावयाने झाडांवर डोळा ठेवू नये. तो झाडावर चढला की मला खाली घोंगडं धरून उभं राहावं लागतं.

कलम चार. मुफिदा परवा भर अंगणात म्हणाली, "कफन घेऊन निघालास? मग माझी काळी ओढणी पण घे डोक्यावर, आणि हातात बांगड्या भर!" तिला माझा फेटा द्यावा. घरातला पुरुष तीच, असं तिला वाटतं. तिच्या नवऱ्याकडे माझी तांब्याची मोठी पळी आहे, ती त्यालाच राहू द्या. मागून मागून मी थकलो.

कलम पाच. यात देण्यासारखं काही नाही, तरी लिहितो. सिदहोम गेल्यापासून कुत्रं भुंकलं तरी मी मुलाच्या खोलीपाशी जाऊन उभा राहायचो. चर्चमध्ये मेलेल्यांची नावं वाचतात, त्यात आमच्या माणसांबरोबर रिझ्कचंही नाव घ्या, असं मी आमचे धर्मगुरू अबूना सेरापियोन यांना सांगितलं. बखीतच्या कानावर जावं म्हणून केलेली ती चलाखी होती. पण दर रविवारी ते नाव ऐकता ऐकता एकदा, धूप फिरत असताना, मला त्या पोरासाठी खरोखर रडू आलं. प्रभू दिसला, असं मी म्हणणार नाही. मी काकवीवाला माणूस, दिसतं तेवढंच बोलतो. पण त्या दिवसापासून मन निवलं ते निवलंच. भीती अजून आहे, पण ती अंगणात असते, घरात येत नाही. ही शांती लिहून देता आली असती तर सगळी बेनयामिनच्या नावावर केली असती.

इथवर लिहिलं आणि बेनयामिन आत आला. त्याने उभ्या उभ्या सगळं वाचलं.

"खुर्च्या मी मांडणार नाही, बाबा."

"मग गुऱ्हाळावर पाणी सोड."

"सोडलं. मी घरी असेन तर मांडीन ना! मी तुमच्याबरोबर येतोय."

मी उठून त्याचे खिसे चाचपले, कंबर चाचपली. काही नव्हतं.

"बघा नीट. मोकळ्या हातांनी येतोय. खून माझ्यावर आलाय, आणि कफन तुम्ही एकटे नेणार? एक टोक मी धरतो."

मी ओरडलो. साक्षीसाठी आलेल्या अबूनांना मध्ये घातलं, तर त्यांनी लेखणी पुन्हा माझ्या हातात दिली. पोराने चपला आत्ताच काढून ठेवल्या आहेत. मी त्या परत त्याच्यापुढे सरकवल्या, त्याने घातल्या नाहीत. पण त्याला अडवावं असं मला आता वाटत नाही, आणि का वाटत नाही हे देव जाणे.

कलम सहा. सबब कलम एक रद्द. आम्ही दोघंही परत आलो नाही तर घर, गुऱ्हाळ, सगळं दिमियानाचं, आणि दुखवट्याला तिने बसावं. तिचा गिर्गिस अजून कडेवर आहे, पण आमच्यामागे पुढचा पुरुष तोच. मोठा झाला की तो विचारेल, आजोबा आणि मामा कशाने गेले? त्याला सांगावं, तापाने गेले. गावालाही हेच सांगायला लावावं. या खोट्याचा जाब देवापुढे मी देईन, तिने नाही.

वाचून पाहिलं, बरोबर आहे. सही करतो.

घतास तादरोस

साक्षीदार: अबूना सेरापियोन, वाडीचे धर्मगुरू
साक्षीदार: हाज अब्देल-आल, मध्यस्थ

मल्लावी, मिन्या प्रांत
शनिवार, ७ मार्च २००९