ढमीचं दार

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद रीतीप्रमाणे लिहिलेत, मनात वेगळंच आहे. परवा फोन मी आपटला हे खरं, आणि आता उचलणारही नाही. फोनवर तू ओरडतोस, मग मी ओरडते, आणि शेजारच्या काकूंची फुकट करमणूक होते. म्हणून हा कागद.

तुझ्या बायकोकडून कळलं की तू ढमीला रंग काढतोयस. बाबा गेल्यापासून ती कॅम्पर व्हॅन तुझ्या अंगणात गंजत पडली होती, तेव्हा मला वाटलं की चला, विकायला काढली असेल. पुढचं ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला. आईला तीन मजले चढवत नाहीत म्हणून ती फ्लॅट सोडणार, आणि तू तिला ढमीत राहायला ठेवणार. जन्मदात्या आईला पत्र्याच्या डब्यात! सुट्टीत चार दिवस आपण त्यात झोपायचो, तेव्हासुद्धा सकाळी उठताना सगळ्यांची डोकी छताला आपटायची.

माझ्याकडे तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे. खिडकीतून झाडं दिसतात, बाथरूम दोन पावलांवर. आईने तिथे यावं हे मी तिला दहा वेळा सांगितलं. तू मध्ये पडला नसतास तर ती आलीही असती. आणि रंग काढायला रोलर? आमच्या ह्यांनी ते ऐकलं आणि जेवताना त्यांना ठसका लागला. रोलर भिंतीला लावतात, गाडीला नाही.

रंग थांबव आणि उत्तर पाठव. माया आहेच, पण सध्या ती मागायला येऊ नकोस.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साष्टांग नमस्कार घालायला माझी पाठ शिल्लक नाही. आठवडाभर ढमीचा पत्रा घासतोय. जुना रंग पॉलिश पेपरने उतरवला, गंज खरवडला, खड्ड्यांत पुट्टी भरली, वर प्रायमर मारला. आता फोमचा छोटा रोलर आणि थिनर घातलेला रंग, एकावर एक पातळ हात. बुडबुडे आले की कोरडा रोलर अलगद फिरवायचा, बसतात. ठसका ओसरला असेल तर हे भावोजींना वाचून दाखव. मी फ्रीज दुरुस्त करतो, पत्रा म्हणजे काय ते मला कळतं.

आणि डब्यात ठेवतोय म्हणे. ढमीत राहायचं हे आईने सांगितलंय, मी नाही. तुझ्याकडे ती पंधरा दिवस राहून आलीच होती ना? औषधांच्या दुकानात नोकरी करतेस म्हणून घराचा दवाखाना करायचा का? तिच्या गोळ्या तू मोजायचीस, चारनंतर चहा बंद, नऊला टीव्ही बंद. वर ती पडली-बिडली तर म्हणून खोलीची आतली कडी काढून ठेवलीस. परत आल्यावर ती माझ्याकडे दोन दिवस नुसती झोपून होती.

इथे ती खुर्ची टाकून बसते आणि मला हुकूम सोडते. रंग तिनेच निवडला, पिवळा. जन्मभर शाळेची बस चालवली तरी मन भरलेलं दिसत नाही. काल माझा स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि आत बसून काहीतरी खुडबुड करत होती. म्हटलं करू दे, वेळ जातो तिचा. पुढच्या सीट आणि मागची खोली यांच्यामध्ये मी प्लायवुड ठोकलंय, म्हणजे तिला थंडी लागणार नाही. रंग वाळला की चाकं काढून ढमी विटांवर चढवतो. मग ती हलणार नाही आणि विषयही संपेल.

राग कमी झाला की कळव. घाई नाही.

तुझा,
धाकटा

१३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कडी मी काळजीने काढली होती. तुझं काय? आईच्या फ्लॅटची किल्ली खिशात घालून तू केव्हाही आत घुसतोस, ती आंघोळीला गेली असली तरी. ते चालतं? आणि आई समोर असेल त्याला हो म्हणते, हे जन्मापासून माहीत असून तू तिच्या होकाराचं तोरण लावून मिरवतोयस.

तुझी रंगकामाची कीर्ती मला ठाऊक आहे. स्वयंपाकघराची खिडकी बंद असताना तिला रंग दिलास, ती आजतागायत उघडलेली नाही. तुझी बायको पोळ्या भाजते आणि धूर हॉलमधून बाहेर काढते. आता आईलाही तसंच चिकटवून टाक.

रविवारी मी येतेय. आईची बॅग भरून ठेव. एवढं केलंस तर बाकीचं मी विसरायचा प्रयत्न करीन.

तुझी,
ताई

१८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रविवारी जे झालं त्यानंतर तीन कागद लिहून फाडले, म्हणून पत्राला दोन दिवस लागले.

दुपारी मी आले तेव्हा आई ढमीत पडायला गेली होती. मी दार ओढलं, ते हलेना. तू ओढलंस, तुलाही हलेना. सकाळीच तू फटीवरून, रबरावरून, सगळ्यावरून रोलर फिरवला होतास, आणि ओल्या रंगावरच दार लावलं गेलं! खिडक्यांवर तुझे वर्तमानपत्राचे कागद, पुढून तुझं प्लायवुड, आणि आत आपली आई. मी हाका मारत होते आणि ती ओ देत नव्हती. तेव्हा माझ्या मनात काय काय आलं ते मी तुला सांगणार नाही, तुझी तेवढी लायकी नाही.

तरी तू माझ्याशी भांडतच होतास. मी बागेतली सुरी घेऊन फट कापली नसती तर ती अजून आत असती. बाहेर आली तेव्हा ती एक शब्द बोलली नाही, बिचारी, इतकी घाबरली होती. शनिवारी मी तिला घेऊन जाणार. आड आलास तर बहीण मेली समज.

ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दार रंगाने चिकटलं, ही माझी चूक. लिहून देतो, फ्रेम करून लाव. पण ते तुझ्या सुरीने उघडलं नाही. तू सुरीने फक्त माझा तिसरा हात सोलून काढलास. दार उघडलं माझ्या पहारीने. आणि भांडण मी नाही, तू काढलंस. आई उद्या अंथरुणाला खिळली तर तिचं कोण करणार, हे अंगणात ओरडून विचारायची गरज होती? मी उलट बोललो, तर म्हणालीस, मग ढमी पुढे कुणाची ते आत्ताच ठरवू. आठवतंय का?

आई माझ्याशीही बोलत नाही. सकाळी चहा घेते आणि ढमीत जाते. शनिवारी ये. मी फाटकात उभा असेन, आणि बाजूला होणार नाही.

धाकटा

२१ फेब्रुवारी

चि. दोघांस,
अ. उ. आ.

एकच मजकूर दोनदा लिहिला आहे. मी कुणाला काय वेगळं लिहिलं, यावरून नवीन भांडण नको.

रंगाने दार चिकटलं नव्हतं. रंगाचं काम धाकट्याने चांगलं केलं आहे, मागच्या बाजूला दोन ओघळ आहेत तेवढे सोडले तर. दाराला आतून मी कडी लावली होती. स्क्रूड्रायव्हर त्यासाठीच मागितला होता. चांगली पितळी कडी आहे, खाली पडद्यामागे बसवली आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला एक दार मिळालं जे मी बंद करू शकते. म्हणून जेवण झाल्यावर ते बंद केलं आणि आडवी झाले.

मग तुम्ही आलात. मी सगळं ऐकत होते. मला कोण ठेवणार, मी खिळले तर कोण करणार, मी गेल्यावर गाडी कुणाची. मी आत होते, जिवंत होते आणि जागी होते. ताईने हाका मारल्या, पण मधेमधे, भांडणातून श्वास घ्यायला थांबली तेव्हा. त्यांना ओ द्यावीशी वाटली नाही. तुम्ही सुरी आणलीत, पहार आणलीत. दार वाजवून, मी आत येऊ का, असं विचारावं हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. शेवटी रंगाची दया आली म्हणून मी कडी काढली. तेव्हा सुरी आणि पहार दोन्हींनी श्रेय घ्यायची गरज नाही.

मी घाबरलेली नव्हते. मला राग आला होता, आणि तो अजून आहे.

आता विटांचं. धाकट्या, त्या जिथून आणल्यास तिथे परत कर. माझा गुडघा जिन्यावर दुखतो, क्लचवर दुखत नाही. मंगळवारी तू कामावर गेलास तेव्हा गॅरेजवाल्याला बोलावून बॅटरी बदलून घेतली. ढमी पहिल्या किल्लीला सुरू झाली. त्याला शेजारी बसवून मी गल्लीला एक फेरीही मारली. प्लायवुडला तेवढं एक दार काप, मला मागून पुढे यायला हवं. इतकी वर्षं दुसऱ्यांची पोरं वेळेवर घरी पोचवली आहेत, स्वतःला पोचवणं जड नाही.

तूर्त मी धाकट्याच्या अंगणात राहीन. त्याचा आवाज चढला की ताईच्या दारात गाडी लावीन. ताईने गोळ्या मोजायला घेतल्या की परत येईन. तुमच्या दोन घरांमध्ये वीस मिनिटांचा रस्ता आहे आणि किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

शनिवारी ताईने जरूर यावं, धाकट्याने फाटकातून बाजूला व्हावं. दोघांनी मिळून ओघळ घासून पिवळ्याचा आणखी एक हात मारावा. मला भेटायचं असेल तर दार वाजवावं, आणि उघडेपर्यंत बाहेर उभं राहावं.

जीव आहेच तुमच्यावर. तो बंद दारातूनही पोचतो.

तुमची,
आई