डोलकाठीवरचा दिवा

५ जुलै, सकाळचे सहा
होडीवरून

प्रिय एमॉस,

तू आणि तुझी बायको ग्रेटा खुशाल असाल असं धरून चालते. मी ठीक आहे. गुडघे कुरकुर करतात, पण शीड चढवण्यापुरतं माझं ऐकतात. तिकडे ओरेगॉनला हवा कशी आहे हे विचारायला हवं, पण तुझं उत्तर येत नाही, म्हणून विचारत नाही. नाताळची कार्डं मात्र पोचत असावीत; एकही परत आलेलं नाही.

काल चार जुलै, स्वातंत्र्यदिन. आतषबाजीसाठी दुपारी दोनलाच जाऊन बाबांच्या नेहमीच्या जागेवर नांगर टाकला. चारपर्यंत बंदरात पाणी दिसेना, नुसत्या होड्या. एका शहाण्याने माझ्यापुढेच कुत्र्याच्या पट्ट्याएवढा दोर सोडून नांगर टाकला. मी ओरडले, "अहो, वारा फिरला की माझ्या स्वयंपाकघरात याल!" तर म्हणतो, "आजी, काळजी करू नका." आजी! पाच वाजता वारा फिरला आणि त्याची होडी माझ्या नाकाशी आली. आकडीच्या काठीने ढकलली आणि विचारलं, "आता आजीची काळजी वाटते का?" त्याची बायको पोट धरून हसली. मग त्यांनी नांगर उचलला आणि गेले. तेवढंच काय ते दिवसभराचं बोलणं.

नाही, अजून एक झालं. एक जोडपं लहान मुलीला घेऊन मोटरबोटीतून आलं. "बाई, तुमच्या डाव्या बाजूला बांधली तर चालेल का? कुठेच जागा नाही." मी म्हटलं, "भाऊ येतोय माझा." दरवर्षी मी हेच सांगते. होड्या घासू नयेत म्हणून लावायचे रबरी फुगेही दरवर्षी डाव्या बाजूला बांधते, तुझ्या होडीच्या उंचीला. ती मुलगी लांब जाईपर्यंत त्या फुग्यांकडे बघत होती.

लॉब्स्टरचे पाव केले होते. सवयीने चार झाले. दोन उरले.

अंधार पडायला लागला तशा किनाऱ्यावर लाल मशाली पेटल्या. आई बोट दाखवत घरं मोजायची, आठवतं? धक्क्यापासून तिसरं आपलं. नवे मालक शहरात असतात, त्यांनी काही लावलं नाही. सगळ्या बंदराभोवती लाल कडं आणि आपल्या घरापुढे तेवढा अंधार. मला वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगावं तर जवळ कुणी नव्हतं.

तेवढ्यात गस्तीच्या बोटीतून गस आला. आता म्हातारा झालाय, पण सवय तीच. "नेल, लाइफ जॅकेट घातलंस? शाबास. आणि डोलकाठीवरचा दिवा? लावलायस, की एमॉसवर सोपवलायस?"

आजूबाजूचे जुने लोक हसले. हा विनोद अकरा वर्षांचा आहे, एमॉस. अकरा वर्षं मीही त्यांच्याबरोबर हसत आलेय.

आता लिहितेच. त्या वर्षी आपल्या दोन्ही होड्या शेजारी बांधलेल्या होत्या, आणि दोघींना मिळून एकच दिवा, माझ्या डोलकाठीवरचा. तो लावणं लहानपणापासून तुझं काम, आणि तू तो लावला होतास. मी कॉफी आणायला खाली गेले. वसंतात नवी बॅटरी घ्यायची ती मी घेतली नव्हती. दिव्याने जुनी बॅटरी उतरून परतताना इंजिन सुरू झालं नाही तर तू चिडवशील, म्हणून मी दिव्याचा स्विच बंद केला. वीस मिनिटांचा तर प्रश्न, असं वाटलं. मग आतषबाजी सुरू झाली आणि मी विसरले. ती संपल्यावर सगळ्या होड्या एकदम घराकडे सुटल्या, बंदरभर धूर, आणि एका माणसाने अंधारात त्याची मोटरबोट आपल्यावर घातली. आई होडीतल्या जिन्यावरून खाली पडली. तिचं कंबरेचं हाड मोडलं. ती पुन्हा कधी पाण्यावर आली नाही.

"दिवा कुणाकडे होता?" असं विचारल्यावर सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, "मी लावला होता." मग तू खाली गेलास, स्विच पाहिलास, वर आलास आणि माझ्याकडे पाहिलंस. मी मान वळवली. तू पुढे एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं होतं, आई बरी झाली की सांगू. मग तू निघून गेलास.

आईला सांगायचं राहूनच गेलं. शेवटच्या आठवड्यात तिचा हात माझ्या हातात होता. म्हणाली, "एमॉस पहिल्यापासून विसराळूच." मी "हो" म्हटलं. हो म्हटलं मी.

तर काल गस हसत होता आणि माझ्याच्याने हसवेना. मी उभी राहिले आणि म्हणाले, "एमॉसने दिवा लावला होता, गस. मी विझवला. आईला मी पाडलं." पाण्यावर आवाज कुठवर जातो ते तुला माहीत आहे. शेजारच्या होड्यांवरचे रेडिओ बंद झाले. गसने इंजिन थांबवलं. मग म्हणाला, "मला कशाला सांगतेस, नेल? त्याला सांग."

नंतर आतषबाजी झाली. चांगली झाली असावी. मी डोलकाठीच्या टोकाकडेच बघत होते.

शेवटचा बार झाल्यावर बाबांच्या नियमाप्रमाणे तासभर हलले नाही. मग सगळे गेले तरी हलले नाही. आता उजाडलंय आणि बंदरात मी एकटीच आहे. ओहोटी लागलीय, निघायला हवं. हे पत्र धक्क्यावरच्या पेटीत टाकलं की जे गसला सांगितलं तेच मोठ्या मावशीला फोन करून सांगणार आहे, मग बाकीच्यांना. तू आलास किंवा नाही आलास तरी सांगणार आहे. पण एकटीने आतषबाजी बघण्याचा मला फार कंटाळा आलाय, एमॉस.

डाव्या बाजूचे फुगे सोडलेले नाहीत. दिवा अजून चालू आहे, भर उजेडात. स्विचकडे हात जात नाही.

ज्या बहिणीने तो विझवला, ती
तुझी नेल